कमानीहून मोठे महाराज

एका जंगलात, बाळांनो, एकही झाड नव्हतं. मग त्याला जंगल का म्हणायचं, असं विचारू नका. तिथे सिंहाचं राज्य होतं, आणि सिंह जिथे राज्य करतो त्याला जंगल म्हणावंच लागतं. खरं तर ते वाळवंट होतं.

त्या वाळवंटात लाल खडकाची एक घळ होती. घळीच्या तोंडाशी वाऱ्यानं कोरलेली प्रचंड दगडी कमान होती. कमानीच्या पायथ्याशी बीळ करून खंडेराव खोकड राहत होता. खोकड म्हणजे कोल्ह्याचा किडमिडीत चुलतभाऊ. वाटणीत लबाडी कोल्ह्याकडे गेली, याच्या वाट्याला नुसते मोठे कान आले.

खंडेरावाला फोटोचं वेड होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो फुकट सल्ले देई. "उन्हं तिरपी असताना या. भर दुपारी खडकाचा रंग उडतो. वारा सुटला की कॅमेरा उघडू नका, वाळू आत जाते. खडकाशेजारी कुणीतरी उभं करा, म्हणजे खडक केवढा ते कळतं. आणि मागे सरकताना मागे बघा, तिकडे कडा आहे."

हा शेवटचा सल्ला ऐकायला काही जण थांबत नसत.

एके दिवशी महाराजांचं बोलावणं आलं. आधी दरबारी फोटोचं काम एका हरणाकडे होतं. त्यानं महाराजांना कमानीखाली उभं करून फोटो काढला. फोटोत महाराज फार लहान दिसले. त्यानंतर हरीण दिसलं नाही.

"फोटोत कमान पूर्ण आली पाहिजे," महाराज म्हणाले, "आणि आम्ही तिच्याहून मोठे दिसलो पाहिजे."

"महाराज, पण कमान..."

"तुझं बीळ तिथेच ना?" महाराजांनी प्रेमानं विचारलं. "पिल्लं बरी आहेत?"

खंडेराव घरी आला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या भावाच्या लग्नातला फोटो आठवतोय?" ती म्हणाली. "पुढे त्याचं पोट, आणि मागे मांडव केवढासा. महाराजांना पुढे घ्या."

दुसऱ्या दिवशी उन्हं तिरपी असताना खंडेरावानं महाराजांना कॅमेऱ्याच्या अगदी नाकाशी उभं केलं. कमान राहिली दूर मागे. स्वतः वाळूत पालथा पडला. फोटोत महाराज आभाळाला टेकले आणि कमान त्यांच्या पायांमध्ये कडबोळ्यासारखी दिसली. महाराज खूश झाले. खंडेरावाला शाल मिळाली. वाळवंटात शालीचं काय करायचं, हे त्यानं विचारलं नाही.

फोटो गावोगाव गेला. पाहुण्यांची रीघ लागली. लांबून आलेल्या एका उंटानं फोटो बघितला, मग मान वर करून कमान बघितली.

"ही ती कमान नव्हे," तो म्हणाला. "फोटोतली महाराजांच्या गुडघ्यालाही लागत नाही. आमची फसवणूक झाली."

तक्रार दरबारात गेली. खंडेरावाला राहवलं नाही. कमान त्याच्या आजोबांच्याही आधीपासून तिथे होती.

"महाराज, कमान खरी आहे," तो म्हणाला. "फोटो खोटा आहे."

"म्हणजे आम्ही लहान आहोत?"

"नाही महाराज."

"मग?"

खंडेरावाला हरीण आठवलं. मग पिल्लं आठवली. त्याचे मोठे कान खाली पडले.

"मग कमानच वाढली असेल," तो म्हणाला.

"छाटा," महाराज म्हणाले.

हत्ती कामाला लागले. थोडीशीच छाटायची होती, पण कमानीला थोडंसं छाटता येत नाही. ती अख्खी खाली आली. खंडेरावाच्या बायकोनं पिल्लं तोंडात धरून आधीच बाहेर काढली होती म्हणून ती वाचली. बीळ दगडांखाली गेलं. खंडेराव वाळूत बसून रडला. आपल्याच तोंडानं आपण घर पाडलं, हे त्याला कळत होतं. धुळीत तिरपी उन्हं शिरून प्रकाश फार सुरेख पडला होता. त्यानं कॅमेरा उघडला नाही.

"आता पाहुणे काय बघणार?" महाराजांनी विचारलं. "हा ढीग भव्य दिसला पाहिजे."

खंडेरावानं एक मुंगी शोधली आणि ढिगाशेजारी उभी केली.

"मला कामं आहेत," मुंगी म्हणाली.

"क्षणभर थांब बाई. तू आहेस म्हणून तो डोंगर आहे."

फोटोत दगडांच्या ढिगाचा महापर्वत झाला. पुन्हा रीघ लागली. तोच उंट पुन्हा आला. त्यानं फोटो बघितला, मग मान खाली करून ढीग बघितला.

"महाराज, हा तर माझ्या गुडघ्याएवढाच आहे," तो म्हणाला.

महाराजांनी खंडेरावाकडे पाहिलं. खंडेरावानं आता विचार करायला वेळ घेतला नाही.

"उंट वाढला असेल," तो म्हणाला.

हत्ती उठले. उंट आपल्या पायांकडे पाहू लागला.

तात्पर्य : फोटो आणि खडक जुळत नसतील तर फोटोला हात लावू नये, खडक छाटून घ्यावा. आणि खडकाशेजारी कुणाला उभं करण्यापूर्वी त्याचा हुद्दा विचारून घ्यावा.