सभा संपेपर्यंत बोलू नकोस

दत्तोपंत पगडी डोक्यावर बसवून आरशात बघत होते, तेवढ्यात अंगणातून यमुनाबाईंचा आवाज आला, "इकडे ऐकलं का? कुणी बोडक्या डोक्याचा माणूस दारात उभा आहे."

त्या काळी धारमध्ये पागोट्यावाचून माणूस रस्त्यावर दिसला, की तो एक तर वेडा असायचा, नाहीतर कुणाच्या तरी मरणाची बातमी घेऊन निघालेला. आणि वेडा मनुष्य भल्या सकाळी नेमका दत्तोपंतांच्याच दारात कशाला येईल? मेल्या नशिबा, आजचाच दिवस सापडला का तुला, असं म्हणत ते बाहेर धावले.

आता आजचा दिवस म्हणजे काय, ते सांगायला हवं. दत्तोपंत शिक्षण खात्यात कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारलेल्या या माणसानं स्वतःहून एकच गोष्ट मनावर घेतली होती, ती म्हणजे पलासकुंडीची शाळा. पलासकुंडी डहीच्या डोंगरात, जिथं तट्टूसुद्धा कुरकुर करत चढतं. तिथं नीलकंठ नावाचा एक तरुण मास्तर महुआच्या झाडाखाली भिलाला जमातीच्या पोरांना अक्षरं शिकवत होता. खात्यानं हुकूम काढला होता की, पितृपंधरवड्याआधी लोकवर्गणीतून इमारतीची सोय झाली तर ठीक, नाहीतर शाळा बंद. पंधरवडा उद्या लागत होता. म्हणजे वर्गणीची सभा आज झाली तर झाली.

तसं पाहिलं तर ही सभा दोनदा ठरून दोनदा मोडली होती. अध्यक्ष होते सरदार शिवाजीराव. त्यांनी पहिला आकडा घातल्याशिवाय धारमधला एकही मातबर हात सैल सोडायचा नाही. पण शिवाजीरावांचा गोतावळा निम्म्या माळव्यात पसरलेला. पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी देवासला त्यांच्या चुलतभावाला जुळं झालं आणि सोयर लागलं. दुसऱ्या सभेला त्यांचे चुलते वारले आणि सुतक लागलं. तेव्हापासून दत्तोपंत रोज देवापुढं हात जोडून म्हणायचे, "देवा, सरदारांच्या घरात सध्या कुणी जन्मू नये आणि कुणी मरू नये."

राहता राहिल्या भवानीबाई, म्हणजे त्या चुलत्यांच्या पत्नी, शिवाजीरावांच्या काकीसाहेब. देवासला अंथरुणाला खिळलेल्या. दोनदा त्यांना भुईवर घेऊन तोंडात गंगाजळ घातलं होतं आणि दोन्ही वेळा उठून बसून त्यांनी ज्वारीची भाकरी मागितली होती. पण तिसऱ्यांदा मागतीलच, याची हमी कोण देणार? म्हणून दत्तोपंत भाऊशास्त्र्यांना शरण गेले होते. शास्त्रीबुवांनी तपकीर ओढून निर्णय दिला, "हे पाहा, दूरगावचं सुतक मरणानं लागत नाही, कळण्यानं लागतं. कानावर आलं नाही तोवर मनुष्य शुद्ध."

तेवढ्या एका वाक्याच्या आधारावर दत्तोपंत आज उभे होते. आणि समोर अंगणात हा उभा होता! डोकं उघडं, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल झालेले.

"हुजूर, घणी बुरी खबर..."

"चूप!" दत्तोपंतांनी झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "एक अक्षर बोलू नको. मला मालूम आहे."

त्या माणसानं डोळे विस्फारले. हात बाजूला झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आपके मालम पडी गयो?"

"सगळं मालूम. नाव काय तुझं?"

"फत्तेसिंग."

कुठून आलास, हे मात्र दत्तोपंतांनी विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं आणि उत्तर आलं की ते कानावर पडतं!

"तो हुजूर, डागदर साब..."

"डॉक्टर आता काय करणार रे, भिया?" दत्तोपंत कळवळून म्हणाले. "झालं ते झालं. आज मोठी सभा आहे. डॉक्टरही येणार, सरदारही येणार. सभा संपेपर्यंत बोलू नकोस. संपली की सगळी सोय होईल, माझा शब्द."

"सब बंदोबस्त होई जायगो?"

"सब होई जायगो."

फत्तेसिंगनं हात जोडले. तो ओसरीवर मटकन बसला आणि बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला. यमुनाबाईंनी त्याच्यापुढं भाकरी-पिठलं ठेवलं आणि आत येऊन म्हणाल्या, "मी म्हणते, सरदारांच्या घरचा जासूद वाड्यावर जायचा सोडून आपल्या दारात, तोही अनवाणी, कसा येईल? देवासहून येताना एवढा चिखल तरी कुठला लागायचा? एकदा विचारून तर बघावं."

"अगं, तुला शास्त्रातलं काय कळतं? विचारणं म्हणजेच ऐकणं!"

यमुनाबाई पुन्हा चुलीकडं वळल्या. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा कधीच नसायचा.

गुपित पोटात ठेवणं हे दत्तोपंतांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. खबरदारी म्हणून त्यांनी डॉक्टर कृष्णरावांना गाठलं. कृष्णराव सरदारांचे घरचे डॉक्टर, वाड्यावर त्यांची रोजची ये-जा असायची.

"डॉक्टर, देवासहून माणूस आलाय. बोडका."

"अरे देवा! म्हणजे काकीसाहेब..."

"मी काही म्हटलं नाही! आणि तुम्ही काही ऐकलं नाही."

"छे, छे, मी कशाला ऐकतोय?" असं म्हणून कृष्णरावांनी ते लगेच कंपाउंडरला सांगितलं, ते केवळ त्यानं तोंड बंद ठेवावं म्हणून. कंपाउंडरनं त्याच सद्हेतूनं सभेच्या बँडवाल्यांना सांगितलं. दुपारपर्यंत अर्ध्या धारला ठाऊक झालं की, काकीसाहेब गेल्या आणि ही गोष्ट कुणालाच ठाऊक नाही.

इकडे फत्तेसिंगला जाग आली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बंदोबस्त कुठं दिसेना. सभेची वाट बघत बसणं काही त्याला सोसेना. लोकांना विचारत विचारत तो थेट दवाखान्यात पोचला. कृष्णरावांनी त्याला लांबूनच पाहिलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"डागदर साब, जल्दी चालो..."

"मला काही सांगू नकोस, बाबा! माझ्या तोंडावर लगेच दिसतं. सभेनंतर, सभेनंतर!" आणि त्यांनी दार लावून घेतलं. फत्तेसिंग त्या दारावर थाप मारत राहिला. आतून कंपाउंडर मोठमोठ्यानं खलबत्ता कुटायला लागला, त्यात कुटायला काही नसतानाही.

मग तो सभेला आला. मांडव गच्च भरला होता. व्यासपीठावर शिवाजीराव जरीच्या पागोट्यात बसलेले, शेजारी भाऊशास्त्री, पहिल्या रांगेत डॉक्टर. दत्तोपंत भाषणाला उभे राहिले. पलासकुंडीची लेकरं कशी पावसात भिजत शिकतात, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की, त्यांना स्वतःलाच उपरण्यानं डोळे पुसावे लागले. खोटं नव्हतं ते. त्या पोरांवर त्यांचा खरंच जीव होता. फक्त त्यांतलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते स्वतः डहीच्या पुढं कधी चढलेच नव्हते.

पलासकुंडी हे नाव कानावर पडताच मांडवाच्या टोकाला फत्तेसिंग उठून उभा राहिला. "सरकार!" त्यानं हाक मारली. "सरकार, म्हारी सुणो!"

सगळ्या मांडवानं मागं वळून पाहिलं. बोडकं डोकं! शेजारच्या माणसानं त्याच्या तोंडात अख्खा विडा कोंबला. दुसऱ्यानं खांदे दाबून त्याला खाली बसवलं. बँडवाल्यांनी, कुणी खूण केली नसताना, एकदम वाजवायला सुरुवात केली.

शिवाजीराव दत्तोपंतांकडं किंचित झुकले. "दत्तोपंत, मागं कोण ओरडलं?"

"कुणी नाही, सरकार."

"आम्हीही तेच म्हणतो," शिवाजीराव डोळे न हलवता म्हणाले. "आम्हांला कुणी दिसलं नाही. पण आवरा लवकर."

आणि बघता बघता सभेचा रंग पालटला. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली, "मायेची काकी गेली हो, तरी बघा, गरिबाच्या लेकरांसाठी कसे दगडासारखे बसलेत!" एका म्हातारीनं हातातली पाटली उतरवली. मग कुणी बिलवर, कुणी तोडे. पुरुष मागं राहतात की काय? शिवाजीरावांनी पहिला आकडा घातला, तसे एरवी मुठी आवळून बसणारे सावकारसुद्धा धोतराचा सोगा डोळ्यांना लावत पुढं आले. दत्तोपंतांना वाटलं, आपण स्वप्नात आहोत. अत्तरगुलाब झाला, जयजयकार झाला. शाळा वाचली!

मग सभ्य रीतीनं दुःखाची तयारी झाली. मांडवामागं पाट मांडला गेला. शिवाजीराव जरीचं पागोटं उतरवून, साधं धोतर नेसून बसले. स्नानाचं पाणी तापतच होतं. भाऊशास्त्री जवळ उभे राहिले. फत्तेसिंगला आणलं गेलं.

"हं," शिवाजीराव गंभीरपणे म्हणाले, "आता आम्ही ऐकतो. सांग."

फत्तेसिंगनं विडा थुंकून टाकला. दिवसभर त्यानं बोलायची धडपड केली होती आणि आता साऱ्यांचे कान त्याच्याकडं लागले, तेव्हा त्याला धड बोलता येईना.

"सरकार, पलासकुंडी में हैजो फैल्यो है. पोर्‍या पटापट जाई रिया है. नीलकंठ मास्साब ने कह्यो, दत्तोपंत साब का घरे जा, डागदर ने लई आव, झिरी में नाखने की लाल दवा लई आव. दौडतो आयो. मान नदी में पूर थो, पागडी बांधी ने उतर्‍यो, पागडी वठेज बही गई."

"पटकी!" कृष्णराव म्हणाले. "झऱ्यात टाकायचं औषध न्यायला आलाय हा." शिवाजीरावांनी मात्र विचारलं, "आणि काकीसाहेब?"

"कुण काकीसाहेब, हुजूर?"

शिवाजीरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "म्हणजे काकीसाहेब आहेत! अहो शास्त्रीबुवा, आहेत!" ते पाटावरून उठलेच. "पेढे आणवा! सगळ्या मांडवात वाटा!" मग त्यांना काही तरी आठवलं आणि ते घाईनं म्हणाले, "आणि डॉक्टर, तुम्ही निघा बुवा. आमच्या पागेतली घोडी घ्या."

कृष्णराव जागचे हलले नाहीत. "माझ्या दारात आला होता हो हा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी कडी लावली."

दत्तोपंत आपल्याच हाताकडं बघत होते. सकाळपासून! सकाळपासून हा माणूस आपल्या ओसरीवर होता. आपण त्याच्या तोंडावर हात ठेवला, हाच हात. एकदा, फक्त एकदा कुठून आलास म्हणून विचारलं असतं! मांडवात पेढ्यांची ताटं फिरत होती आणि लोक हसत होते. दत्तोपंतांनी पगडी तिथंच कुणाच्या तरी हातात दिली, उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि घोड्यावर बसायची सवय नसताना ते डॉक्टरांबरोबर निघाले.

सारी रात्र आणि पुढचा सारा दिवस ते चालत होते. मान नदीला घोट्याएवढं पाणी होतं. वाटेत दत्तोपंतांनी फत्तेसिंगला दोनदा सांगून पाहिलं की, वर्गणी खूप जमली, आता शाळा पक्की होईल. फत्तेसिंग मान हलवून भरभर पुढं जात राहिला. त्यानं काही बोलावं, रागवावं, एखादी शिवी तरी हासडावी, असं दत्तोपंतांना फार वाटत होतं. डहीला थोडी पाठ टेकून दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोंगर चढले.

महुआच्या झाडाखाली पोरं होती. पण ती बसलेली नव्हती, ओळीनं निजवलेली होती. नीलकंठ मास्तर एकाच्या तोंडात पाणी सोडत होता. त्यानं मान वर केली आणि आधी फत्तेसिंगकडं पाहिलं.

"फत्तेसिंग... तू गेलास त्या रात्री सीताला लागण झाली रे."

फत्तेसिंग जाताना त्याची पोरगी चांगली खेळत होती.

"काल दिवस मावळेपर्यंत होती," नीलकंठ म्हणाला. "तुझीच वाट बघत होती."

फत्तेसिंग जिथं उभा होता तिथंच खाली बसला. कृष्णराव पेटी उघडून मुकाट्यानं कामाला लागले. दत्तोपंत मात्र मध्येच उभे राहिले. कुणाच्या उशाशी जावं, हे त्यांना कळेना. यांतलं एकही पोर त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

"सभा झाली का?" नीलकंठनं विचारलं.

"झाली. भरपूर जमलं."

"बरं झालं," नीलकंठ म्हणाला आणि त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "पण एवढा उशीर का हो झाला, दत्तोपंत? कालच्या सकाळी हे औषध पडतं, तर चार-पाच पोरं हाती लागली असती. सीता तर नक्की."

खरं सांगायचं दत्तोपंतांच्या ओठांवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण त्यांना तो मांडव दिसला, त्या पाटल्या दिसल्या, हा मास्तर आपल्याकडं पुन्हा कधी असा बघणार नाही हे दिसलं, आणि ते म्हणाले, "नदीला पूर होता."

फत्तेसिंगनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. आता त्याला अडवायला कुणीही पुढं झालं नव्हतं.

त्यानं ते आपलं आपणच मिटून घेतलं.