कोंडवाड्यातला वैताग

लोक राग गिळून बसले असतील आणि आपल्याला तो बाहेर काढावा लागेल, अशा तयारीनं ऋजुता परदेशात मानसोपचार शिकून गावी परतली. पण गावातले राग आधीच बाहेर होते, नगरपरिषदेच्या कोंडवाड्यात, मोकाट गुरांशेजारी दाव्याला बांधलेले.

अनावर झालेला राग माणसातून निसटायचा, मंडईत शिरून मेथी तुडवायचा आणि पकडला जायचा. मालकानं येऊन "हा माझा" म्हटलं की सुटका. कोणीच आलं नाही तर शनिवारी लिलाव. बोली लावायला निवडणुकीचे उमेदवार टपलेलेच असत. ज्याचा राग विकला जाई, त्याला पुन्हा कधी राग येत नसे. हरी न्हाव्याचा असाच गेला. नंतर त्याच्या दुकानातली खुर्ची भाऊ उचलून नेत होता, तेव्हा हरीनंच त्याच्यासाठी दार उघडं धरून ठेवलं.

ऋजुता तळमळीनं शिकवी : भावनेला नाव द्या, ती आपली म्हणा, तोंडावर गार पाणी मारा आणि मग काय करायचं ते ठरवा. राग खरा आहे आणि त्याच्यामागं फरफटायचंही नाही, दोन्ही एकाच वेळी.

बायका माना डोलवत. कोंडवाड्यापाशी नेलं की त्यांच्यातल्या कमळजामावशी म्हणत, "अगं बाई, हा माझा कुठला? जावेचा असेल. नाक बघ की त्याचं!"

शुक्रवारी संध्याकाळी कोंडवाड्याचे मुकादम बाबुराव ऋजुताच्या दारात आले.

"ताई, एक वैताग धरलाय. मंडईत लोकांच्या अंगावर धावून 'मान्य करा' म्हणून ओरडत होता. तुमचा का?"

"माझा? बाबुराव, मी यातच शिकलेय!"

"तेच म्हटलं. काढतो मग उद्या लिलावात. तगडा आहे, लगेच जाईल."

सकाळी जाग आली तेव्हा ऋजुताला कमळजामावशींचं काहीच वाटेना. ना चीड, ना काळजी. न मानेनात का बापड्या, आपण परत जावं, असं तिच्या मनात अगदी शांतपणे आलं. त्या शांतपणालाच ती घाबरली. तिनं तोंडावर गार पाणी मारलं आणि चपला घातल्या.

कोंडवाड्यापाशी उमेदवार जमले होते. मावशीही होत्या.

"हा माझा," ऋजुता सगळ्यांसमोर म्हणाली.

"बाई गं, तुझा?" मावशींनी पदर तोंडाला लावला.

"माझाच."

बाबुरावांनी दावं सोडून तिच्या हातात दिलं. "मागं उभ्या राहू नका, ताई. लाथा झाडतो. पुढंही नको."

ऋजुता त्याच्या बाजूनं चालू लागली.