सूर्यमाळची पानथरी

आमचे शेजारी दामूअण्णा कुणालाही नावानं हाक मारत नाहीत, थांब्यानं मारतात. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. आता निवृत्त झालेत, पण जव्हारची आमची अख्खी आळी त्यांना प्रवासीच वाटते. मी बँकेच्या बदलीवर नाशिकहून आलो, म्हणून मी 'नाशिक'. भाजीवाली म्हातारी 'साखरशेत'. आणि त्यांची कुत्री 'सूर्यमाळ', कारण पिल्लू असताना ती सूर्यमाळच्या थांब्यावर गाडीत चढली आणि डेपो आला तरी उतरली नाही.

प्रवासी म्हटल्यावर अहो-जाहो आलंच. "सूर्यमाळ, पुढे सरका," हे भल्या पहाटे भिंतीपलीकडून ऐकू येतं. बदलीच्या गावी माणसाला निदान झोप तरी मिळावी. मला ती अजून मिळालेली नाही.

यंदा उन्हाळ्यात सूर्यमाळचं पोट वाढायला लागलं. म्हातारीनं पाटी उतरवता उतरवता निकाल दिला, "गाभन हाय ती." झालं. अण्णांनी दूध वाढवलं, नाचणीची पेज सुरू केली, आणि एका रविवारी चक्क डोहाळजेवण केलं. माझ्या बायकोनं शिरा केला. पाट मी मांडले, हे बँकेत कुणाला सांगितलेलं नाही. सूर्यमाळनं शिऱ्याला तोंडही लावलं नाही.

पिल्लं काही येईनात. उलट कुत्री दोन पायऱ्या चढली की दम लागून बसायला लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या. गुरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिलं.

"पिल्लं कसली? पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलीय, तिच्यावर गाठ असणार. आत फुटली तर रक्त जाऊन मरेल. नाशिकला नेऊन पानथरीच काढून घ्या."

"तिच्यावाचून चालतं?" अण्णांनी विचारलं.

"चालतं. पुढे गोचिडांपासून जपायचं, त्यांचा ताप मग झेपत नाही. पण वय झालंय हिचं, ऑपरेशनमधून उठेलच असं नाही."

आळीत गाडी माझीच. ऑडिटनं पिळून निघालो होतो, शनिवारची सुट्टी झोपेसाठी राखून ठेवली होती. ती गेली. अण्णा मागच्या सीटवर, मांडीवर सूर्यमाळ. मोखाडा आलं की "मोखाडा, मोखाडा", त्र्यंबक आलं की "त्र्यंबक". उतरणारं कुणी नव्हतं.

"अण्णा, जरा गप्प बसता का?" मी शेवटी वैतागून म्हटलं.

"तिला सवय आहे हो, नाशिक. आवाज नाही आला की घाबरते."

कुत्रीला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. अण्णा म्हणाले, "आमच्या हिला मी जन्मभर 'विक्रमगड' म्हणत आलो. माहेर तिकडचं. चिडायची. शेवटी ठाण्याच्या इस्पितळात पहिल्यांदा नावानं हाक मारली, शालिनी म्हणून. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं, आता काही खरं नाही. उगाच मारली हाक."

आळीत आल्यापासून मी या माणसाच्या थांब्यांची टिंगल करत आलो होतो. तेव्हा मात्र उठून त्यांच्यासाठी चहा आणला.

डॉक्टर बाहेर आले. पानथरी निघाली होती, वर नारळाएवढी गाठ. "शुद्धीवर येईना अजून. ओळखीच्या आवाजानं हाक मारून बघा."

अण्णा टेबलापाशी गेले. सूर्यमाळच्या पोटाला पट्टा, जीभ बाहेर. ते माझ्याकडे वळले. "नाशिक, तुम्ही मारा. माझी हाक नको."

"सूर्यमाळ, पुढे सरका," मी म्हटलं. परक्या दवाखान्यात, कंपाउंडरसमोर. कुत्री हलली नाही. मी पुन्हा म्हटलं. मग अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सूर्यमाळ, बसून राहा. तुमचा थांबा यायचाय अजून."

शेपटीचं टोक हललं.

काही दिवसांनी तिला घरी आणायला पुन्हा मीच गेलो. तोवर अण्णा दवाखान्याच्या व्हरांड्यातच राहिले होते. गाडीत बसताच त्यांना झोप लागली, मान खिडकीवर, तोंड उघडं. मलाही जांभया येत होत्या. त्र्यंबक गेलं. घाट गेला. आरशात बघितलं तर सूर्यमाळ जागी होती, कान ताठ, अंग थरथरतंय.

"मोखाडा," मी हळूच म्हटलं. "मोखाडा, मोखाडा."

तिनं अण्णांच्या मांडीवर डोकं टेकलं.