चौथ्या रचनेतला माझा आवाज

कलावंताची उपेक्षा हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. त्याला माणसं लागतात, सातत्य लागतं आणि मुख्य म्हणजे त्या कलावंतावर मनापासून प्रेम लागतं. आमच्या घरात या तिन्ही गोष्टी मुबलक असल्यामुळे माझे धाकटे दीर छत्तीस वर्षं रॉक गिटार वाजवूनही अखंड उपेक्षित राहू शकले. या कार्यात माझा वाटा मोठा आहे, हे नम्रपणे नमूद करते.

कामाची पद्धत ठरलेली होती. कुणी घरी आलं की चहा पुढे ठेवून मी सांगायची, आमच्या भावजींची कुणी कदरच केली नाही. पाहुणे हळहळायचे, मीही हळहळायची. नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीत भावजी वाजवत असले, तर आमचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मी मधलं दार लोटून घ्यायची.

गेल्या वर्षी भावजींच्या डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट आखडायला लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि फार तर वर्षभर वाजवता येईल, असं सांगितलं. भावजी घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले की एकदा लोकांसमोर वाजवतो, तेवढं रेकॉर्ड करू, मग बोटाला काय करायचं ते करू दे. त्रेसष्टाव्या वर्षी या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. घरातल्या सगळ्यांनी ते मनावर घेतलं. तिथेच घात झाला.

वाचनालयाच्या वरचं सभागृह ठरलं. श्रोते एकोणसाठ. त्यांचं वर्गीकरण पुढीलप्रमाणे: नातेवाईक एकतीस, नातेवाइकांनी ओढून आणलेले सतरा, भावजींचे जुने विद्यार्थी नऊ, आणि खालचं वाचनालय बंद दिसलं म्हणून वर आलेले दोन. (सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंड न उघडता ऐकलं ते या दोघांनी.)

रेकॉर्डिंगवाल्याने गिटारसमोर आणि साथीच्या वाद्यांसमोर माइक लावले आणि एक माइक टाळ्यांसाठी वरून खाली सोडला. तो बरोबर तिसऱ्या रांगेवर आला. तिसरी रांग मी पिशव्या ठेवून अडवली होती. तो मला म्हणाला, "मावशी, हा माइक फार तिखट कानाचा आहे. टाचणी पडली तरी ऐकतो." आमच्यापैकी कुणी टाचणी आणलेली नाही, असं मी त्याला खात्रीपूर्वक सांगितलं.

कार्यक्रम झाला. आठवड्याभराने त्याने भावजींना आणि मला बोलावून घेतलं. भिंतींना फोम लावलेल्या त्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि त्याने चौथी रचना लावली.

चौथी रचना म्हणजे भावजींची सगळ्यात अवघड रचना. त्या आखडलेल्या बोटाला तिच्यात सगळ्यात जास्त काम. दुसऱ्या मिनिटाला गिटार एकटी उरते, वर चढायला लागते, आणि तेवढ्यात माझा आवाज येतो. नणंदेने आणलेल्या औषधदुकानदाराला मी सांगते आहे: "काय वाजवतात हो! पण लोक ऐकूनच घेत नाहीत." पुढे एक मिनिट पन्नास सेकंद मी या विषयाची सविस्तर, तीन उदाहरणांसह मांडणी केली आहे. शेवटी मी म्हणते, "आता ऐका हं, हा भाग फार सुंदर आहे." लगेच टाळ्या पडतात, कारण तो भाग संपलेला असतो.

रेकॉर्डिंगवाला खाली मान घालून म्हणाला की हा आवाज पुसता येत नाही, तो गिटारच्या माइकमध्येसुद्धा शिरलाय. (एवढ्या लांब पोचलेला आवाज त्याने आजवर पाहिला नव्हता. मी हे कौतुक समजले.) पुन्हा वाजवून घेण्याचा प्रश्न नव्हता, त्या दिवसानंतर बोट वळतच नव्हतं.

"भावजी, ती रचनाच काढून टाका," मी म्हटलं. आवाज फुटत नव्हता. तो तसा एक आठवडा आधी फुटला नसता तर बरं झालं असतं.

भावजींनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "राहू द्या, वहिनी. दार लोटून बाहेर काय बोलता, ते छत्तीस वर्षांत आज पहिल्यांदा ऐकलं."

रेकॉर्डिंग इंटरनेटवर आलं आणि कधी नव्हे ते लोकांनी उचलून धरलं. अर्थात चौथी रचना. आजवर ती अकरा हजार वेळा ऐकली गेली आहे. भाजीवाली मला आवाजावरून ओळखते. "आता ऐका हं" हे शब्द लोक एकमेकांना पाठवतात आणि खाली लिहितात की एवढ्या मोठ्या कलावंताची केवढी ही उपेक्षा.

पाचवी रचना सेहेचाळीस वेळा ऐकली गेली. (त्यातल्या चाळीस वेळा मी.) तिच्यात मी गप्प आहे, उदाहरणं संपली होती. फक्त गिटार आहे. मध्ये एका ठिकाणी ते बोट ऐकत नाही. भावजी क्षणभर थांबतात, मग तोच सूर शेजारच्या बोटाने, जरा उशिरा, जरा हळू लावतात. इतकं सुंदर मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे त्यांनी ते आधी वाजवलं असेलही, दार लोटलेलं होतं.

ती रचना चार मिनिटांची आहे. हे सगळं वाचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तो तुम्ही आत्ताच माझा आवाज ऐकण्यात घालवलात.