उन्मेषचा बुधवार, आसावरीचा गुरुवार

"आसावरी, फक्त अर्धं मिनिट बोल. काहीही बोल!" फोन हातात धरून उन्मेष बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरला.

आसावरीने ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट भिंतीवरच्या कॅलेंडरवर टेकवलं. गुरुवार. दर गुरुवारी दिवेलागणीपर्यंत तिचं मौन असे. तोंडून निघालंच तर दत्ताचं नाव, दुसरं काही नाही. रियाधला आल्यापासून एक गुरुवार चुकला नव्हता.

उन्मेष एका अमेरिकन कंपनीचे हिशेब बघायचा. कंपनीचं गोदाम रियाधच्याच अल सुलै भागात, पण बरीच माणसं टेक्सासमध्ये. नोकरी गेलेल्यांना तिकडे सरकार भत्ता देतं, त्यापायी मालकाने कर भरायचा आणि वर्षातून एकदा त्याचं विवरणपत्र पाठवायचं. मुदत होती बुधवारी मध्यरात्रीपर्यंत. "तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे नऊ. चिक्कार वेळ आहे!" असं म्हणून उन्मेष आदल्या रात्री निवांत झोपला. अमेरिकेचा बुधवार शिल्लक आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोचा गुरुवार उजाडतो, एवढंच विसरला.

विवरणपत्र पाठवण्याआधी फोनवर आवाजाची ओळख पटवावी लागे. ही सोय सुरू झाली तेव्हा धुळीच्या वादळाने उन्मेषचा घसा पार बसला होता, म्हणून त्याने फोन आसावरीपुढे धरला होता. "तुमच्या नेहमीच्या आवाजात बोला," यंत्र इंग्रजीत म्हणालं. नेमका त्याच क्षणी तिला गादीवर ओला टॉवेल दिसला. पुढचं अर्धं मिनिट यंत्राने इमानेइतबारे टिपून ठेवलं.

"साडेआठ झाले गं! मागच्या वर्षी उशीर झाला तेव्हा साहेबांनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर थेट फायनल एक्झिट. कायमचं घरी!"

आसावरीचा चेहरा उतरला. तिने फोन घेतला, डोळे मिटले आणि तुपासारख्या मऊ आवाजात सुरू केलं, "श्री गुरुदेव दत्त... श्री गुरुदेव दत्त..."

"आवाज जुळला नाही. कृपया नेहमीच्या आवाजात बोला."

"अगं, इतकं गोड नको! माझ्यावर ओरडतेस तसं म्हण."

आसावरीने डोळे विस्फारून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी? ओरडते?

"म्हणजे प्रेमानेच ओरडतेस, पण ओरडतेस!"

तिने थोडा सूर चढवला. आता ती आरती म्हणतेय असं वाटू लागलं. यंत्राने पुन्हा नकार दिला. शेवटची संधी, नाहीतर खातं दिवसभर बंद.

उन्मेषने धावत जाऊन टॉवेल भिजवला आणि गादीवर टाकला. आसावरी बघत राहिली, आणि हसली. ठरवून राग येतोय थोडाच! आता मात्र उन्मेषचं डोकं चालेना. डोकं चालेना की त्याला काहीतरी चघळायला लागे. एका हाताने शेवटच्या संधीसाठी नंबर लावता लावता दुसरा हात ओट्यावरच्या वाटीत गेला. शिरा होता. केळं घातलेला. त्याने दोन घास खाल्ले.

तो नैवेद्याचा होता.

"दत्ता!" भांडी थरथरली. "अरे दत्ता! अवधूता! अरे काय हे दिगंबरा! अत्रिनंदना!! अनसूयासुता!!!"

एकेका नावात संसाराचं एकेक वर्ष होतं. उन्मेषने तोंडातला शिरा न गिळता फोन पुढे धरला.

"धन्यवाद," यंत्र नम्रपणे म्हणालं. "आपली ओळख पटली आहे."

नऊला पाच कमी असताना विवरणपत्र गेलं. तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या इस्मतभाभी, मूळच्या रत्नागिरीच्या, काळजीने दारात उभ्या.

"आसावरी, बरं हाय ना सगळं? कोण गं हा दत्ता? माफ कर बिचाऱ्याला."

आसावरीने नुसतेच हात जोडले.

"भाभी, तो... घरातलाच आहे," उन्मेष म्हणाला.

"आणि अवधूत? दिगंबर? इतकी माणसं आली नि मला सांगितलंत पण नाय! थांबा, खुबूस पाठवते. त्याबरोबर पातळभाजी करा, पुरेल."

आणि खरंच, दहा मिनिटांत दहा जणांना पुरतील एवढ्या गरम रोट्या दारात आल्या.

संध्याकाळी आसावरीने कपाटातल्या देव्हाऱ्यापुढे निरांजन लावलं. मौन सुटलं. देवाच्या नावाखेरीज दिवसभरात प्रथमच ती काही बोलली, तीही अगदी हळू. "देवा, सकाळी तुमच्यावर ओरडले. मनावर घेऊ नका. ते तुम्हाला नव्हतं."

मागे उन्मेष भक्तिभावाने हात जोडून उभा होता. नोकरी वाचली होती, पोट खुबूसने भरलं होतं.

"मग कुणाला होतं गं?"

आसावरीने देवाला पुन्हा एकदा नमस्कार केला, कपाटाचं दार हलकेच लावून घेतलं आणि त्याच्याकडे वळली.

"बसा," ती म्हणाली. "सावकाश सांगते."