फक्त एक टक्का बाकी

चोपड्याच्या केळी वाहतूक संघात कोणाच्या केळीला कोणता ट्रक, हे रोज सकाळी संगणक ठरवी. त्यासाठी संगणक सांभाळणाऱ्या कुंदनने लिहिलेली स्क्रिप्ट तासभर चाले आणि तेवढा वेळ काळ्या पडद्यावर काहीच दिसत नसे. काम चालू आहे पण दिसत नाही, हा प्रकार कार्यालयांच्या इतिहासात नवाच होता, त्यामुळे लोक खवळत.

"कुंदनभाऊ, चालू शे का झोपी गयं?" संघाचे जुने सभासद चुडामणआबा दर पाच मिनिटांनी विचारत. एकदा घड कापले की केळी कोणासाठी थांबत नाहीत.

व्यवस्थापक योगेंद्रसाहेबांनी आदेश काढला, सभासदांना प्रगती दिसली पाहिजे. कुंदनने इमानेइतबारे पडद्यावर किती टक्के काम झाले ते दाखवणारी पट्टी बसवली. ट्रकसाठी आलेले जेवढे अर्ज तपासून होत, तेवढीच ती सरके. साहजिकच ती मध्येच अडे.

साहेब नाराज झाले. "प्रगती अडखळता कामा नये. तिला कामाला कशाला बांधलंस? घड्याळाला बांध."

कुंदनला ते पटले नाही, पण नोकरी हंगामी होती. त्याने बांधली. शंभर झाले की लोक ट्रक मागतात, म्हणून पट्टी नव्व्याण्णववर थांबवण्याची सोयही झाली. कार्यालयात शांतता नांदू लागली. धुळ्याहून पाहणी पथक आले, तेही चहा पीत पट्टी बघून प्रसन्न मनाने परत गेले.

एका मंगळवारी आबांचे सगळे घड बांधावर कापून पडले होते आणि पट्टी नव्व्याण्णववर होती. दुपार टळू लागली तेव्हा कुंदनने संगणकाच्या आत डोकावले. स्क्रिप्ट सकाळी पहिल्याच अर्जावर बंद पडली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. पट्टी बंद करून तो उभा राहिला.

"आबा, काम सुरूच झालेलं नाही. बाहेरून गाडी बघा, अजून वेळ आहे."

आबांनी कोऱ्या पडद्याकडे बोट दाखवले. "नव्यान्नव व्हयनं व्हतं. एक टक्कासाठे बंद कसाले कयं तू?"

बाकीचे सभासदही उठले. साहेबांनी प्रगती रोखल्याबद्दल कुंदनकडून जागच्या जागी लेखी खुलासा मागितला. कुंदनने मुकाट्याने पट्टी पुन्हा सुरू केली. फक्त पट्टी. सगळे खाली बसले. बांधावर केळी पिवळी पडत होती आणि आबांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.

हसू नका. त्या खोलीत तुम्हीही असतात, तर पुढच्याला एवढेच म्हणाला असतात, जरा बाजूला व्हा, दिसत नाही.