साहेब म्हणतात, पुढची तारीख

भीमोजीकाका कुणालाही एकदा हाक मारून थांबत नाहीत. तीनदा मारतात. माणूस पहिल्या हाकेला समोर येऊन उभा राहिला, तरी उरलेल्या दोन हाका त्याच्या तोंडावर मारतात आणि मगच कामाचं बोलतात. भाजीवालीला तीन, सिलिंडरवाल्याला तीन. एकदा चष्मा सापडेना, तेव्हा ओट्यावर उभं राहून त्यांनी चष्म्याच्या नावानं तीनदा पुकारा केला, 'गैरहजर' असं जाहीर केलं आणि आत निघून गेले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

यात त्यांचा दोष नाही. भीमोजीराव माने यांची उभी हयात कोर्टात गेली. वकील म्हणून नव्हे, न्यायाधीश म्हणून तर नव्हेच. कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणे. त्या तलवारी कुठे गेल्या कोण जाणे, काकांच्या वाट्याला नुसता आवाज आला. काका निवृत्त झाले, आवाज झाला नाही. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांच्या घराला लागून पत्र्याची दोन वर्कशॉपं आहेत. काकांनी पुकारा केला की तिथले हातोडे थांबतात.

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहिले ते एकच वर्ष. बाबा नंजनगूडच्या एका कारखान्यात होते. त्यांची नाशिकला बदली झाली तेव्हा माझं लॉचं शेवटचं वर्ष उरलं होतं. आईबाबा सामानासकट गेले आणि मी खोली शोधत काकांच्या दारात येऊन उभी राहिले. किती वाजता येणार, कोण कोण भेटायला येणार, असले घरमालकी प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

"काय शिकतीस, अम्मा?"

"लॉ. शेवटचं वर्ष."

काकांचा चेहरा उजळला. "बरं झालं की! आमच्यात वादीला वकील लागत नाही. त्याचं तोंडच तसं आहे, बघितलं की खरं वाटतंय. प्रतिवादीला मात्र कोणी नाही, पाप, बिचारं!"

मला वाटलं, जागेचा काही दावा चालू असेल. मी म्हटलं, मला अजून सनद मिळालेली नाही. "इथं चालतंय," असं म्हणून काकांनी आत तोंड करून हाक मारली, "प्रतिवादीऽ! प्रतिवादीऽ! प्रतिवादीऽ!" तशी पलंगाखालून एक बुटकी, गोल, तांबूस कुत्री बाहेर आली. तिच्या तोंडात माझी चप्पल होती. मी ती दोन मिनिटांपूर्वीच दाराबाहेर काढली होती.

वादी नंतर दिसला. तो मुधोळ जातीचा, उंच, सडपातळ, म्हातारा. चालताना पावलाचा आवाज नाही, भुंकणं तर नाहीच. तो फक्त बघायचा, आणि त्यानं बघितलं की आपण काहीतरी चूक केली आहे असं आपल्याला वाटायचं. त्याचं आधीचं नाव राजा. मग एक दिवस ही बया रस्त्यावरून काकांच्या मागोमाग घरात आली आणि थेट त्याच्या गोणपाटावर झोपली. तंटा झाला आणि दोघांची नावं पडली. गोणपाटाचा तो मूळ दावा अजून चालू आहे.

वादी फक्त नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, आणि वर एक उकडलेलं अंडं खायचा, तेही समोर ठेवून 'ऊट कर, जेव' म्हटल्याशिवाय तोंड लावायचा नाही. प्रतिवादी अंडं खायची, त्याचं टरफल खायची, ज्या कागदात ते आणलं तो कागद खायची आणि वर अंगाचा साबण खायची. मग फेस आलेल्या तोंडानं गल्लीत फिरायची आणि लोक दारं लावून घ्यायचे.

रोज संध्याकाळी ओट्यावर कोर्ट बसायचं. मधोमध एक लाकडी खुर्ची, तिच्यावर घडी घातलेला पांढरा टॉवेल. ही साहेबांची खुर्ची. तिच्यावर कुणी बसायचं नाही, काकांनीसुद्धा. ते शेजारी उभे राहायचे. डावीकडे वादी, उजवीकडे प्रतिवादी आणि तिच्या गळ्यातला पट्टा धरून मी. काका तिघांची नावं पुकारायचे. माझं नाव त्यांनी वर्षभर घेतलंच नाही, मी 'लायरम्मा'.

"लायरम्माऽ! लायरम्माऽ!"

"काका, इथेच आहे मी. एक हाक पुरे."

"नियम आहे. लायरम्माऽ!"

मग आरोप वाचला जायचा. वादीचं अंडं पळवलं. दिवाळीचा म्हैसूरपाक डब्यासकट गायब. मी बाजू मांडायचे. काका सगळं ऐकून घ्यायचे, मग रिकाम्या खुर्चीकडे वाकून, कान लावून, बराच वेळ मान हलवत राहायचे आणि सरळ होऊन जाहीर करायचे, "साहेब म्हणतात, पुढची तारीख. अष्टे, एवढंच."

निकाल म्हणून कधी लागला नाही. एका हाडाच्या प्रकरणात प्रतिवादीच्या तोंडात हाड होतं, वादी समोर उभा होता, मी स्वतः गुन्हा कबूल करून टाकला होता. तरी पुढची तारीख.

माझं वर्ष तसं सुखाचं नव्हतं. सकाळी कॉलेज, दुपारी नंजनगूडच्या बसला लोंबकळत एका वकीलबाईंकडे कामाला, संध्याकाळी अभ्यास. त्यात हे कोर्ट. एकदा परीक्षेच्या तोंडावर प्रतिवादीनं माझ्या पुराव्याच्या कायद्याच्या नोट्स खाऊन टाकल्या. मी रडकुंडीला आले होते. काकांनी ताबडतोब कोर्ट बसवलं. माझी पंचाईत अशी की नुकसान माझं आणि आरोपीची वकीलही मीच. मी म्हटलं, काका, मी वकीलपत्र सोडते, आज हिला शिक्षा करा.

काका खुर्चीकडे वाकले. "साहेब विचारतात, पुरावा?"

"पुरावाच खाल्लाय तिनं!"

"मग कसं होतंय? पुढची तारीख."

मी तणतणत वर गेले. थोड्या वेळानं काका जिना चढून आले. शेजारच्या गल्लीतल्या कुणा मुलीकडून त्यांनी त्याच विषयाच्या नोट्स मागून झेरॉक्स करून आणल्या होत्या. त्या दारात ठेवल्या, तीन हाका मारल्या आणि उतरून गेले.

जानेवारीत काकांना न्हाणीघरात चक्कर आली. फार काही नाही, पण बंगळुरात राहणारा त्यांचा मुलगा सुरेश घाबरला. हा सुरेशदादा भला माणूस. वर्षातून दोनदा यायचा, तेही दुपारी येऊन संध्याकाळची गाडी पकडायचा. या वेळी मात्र ठरवून आला होता.

"अप्पा, आता तुम्ही आमच्याकडे या. पण आमच्या अपार्टमेंटमध्ये रूल आहे, वनच डॉग अलाऊड. इथं हिनकलला माझ्या ब्रदर-इन-लॉचं ओपन साइट आहे, रिकामा प्लॉट, तो दुसऱ्याला ठेवतो म्हणाला. कोणाला नेऊया, सांगा."

काका खालमानेनं बसून राहिले आणि मग म्हणाले, "कोर्ट ठरवील."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला त्या ओट्यावर हसू आलं नाही. काकांनी धुतलेला टॉवेल खुर्चीवर घातला. स्वतः कोर्टात घालायचे तो बंद गळ्याचा कोट चढवला. वादीची बाजू सुरेशदादांनी घ्यायची ठरली, कारण त्यांना वादी हवा होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"वादी ओल्ड आहे, क्वायट आहे. लिफ्टमध्ये नीट उभा राहील. ही बेडा, नको, अप्पा. ही अपार्टमेंट खाऊन टाकेल."

खरं सांगायचं तर खाल्लंच असतं तिनं. पण मी वर्षभर या कुत्रीची वकील होते आणि माझी भाषणाची तयारी झाली होती. ती लहान आहे, जागा कमी लागते. वादीला धावायला मोकळं रान हवं, हिनकलचं ते ओपन साइट त्याच्यासाठीच आहे. मी पट्टा घट्ट धरून उभी राहिले, तोंड उघडलं, आणि समोर वादी दिसला. तो माझ्याकडे बघत होता.

मी जिंकले तर हा जाणार होता. हरले तर ही. इतकी साधी गोष्ट तोपर्यंत माझ्या डोक्यात शिरली नव्हती. माझ्या पायाशी बसलेली प्रतिवादी पट्ट्याला हिसका देऊन निघाली, वादीच्या पोटाला टेकून पडली आणि त्याच्या पट्ट्याचं टोक चघळायला लागली. वादीनं तिला चघळू दिलं.

"मुदत हवी," मी म्हटलं.

"कारण?" काकांनी विचारलं.

"तयारी झालेली नाही."

काका खुर्चीकडे वाकले. इतका वेळ ते कधीच वाकलेले नव्हते. सरळ झाले तेव्हा त्यांचा तो हातोडे थांबवणारा आवाज अगदी बारीक निघाला. "साहेब म्हणतात, पुढची तारीख."

सुरेशदादा वैतागले. "अप्पा, असं किती दिवस? एकदाचा निकाल देऊन टाका की!"

"निकाल?" काका ओट्याच्या पायरीवर बसले. "सुरेशा, मी जन्मभर तेच बघितलं की नाही? निकाल लागला की एक पार्टी हसत जाते, एक रडत जाते, आणि परत कोणी येत नाही. तारीख असली की दोघंपण येतात. भांडतात, एकाच गाड्यावर चहा पितात, परत येतात. तारीख पडली की माणूस परत येतंय." मग ते म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी डॉक्टरनं एकदम निकाल सांगितला. तारीख मागायला मला सुचलंच नाही."

मला फार रडू येत होतं आणि एका कुत्रीच्या वकिलानं भर कोर्टात रडावं का, हे कळत नव्हतं. सुरेशदादा वडिलांच्या शेजारी पायरीवर बसले. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळची गाडी पकडली नाही. सकाळी निघताना त्यांनी विचारलं, "अप्पा, पुढची तारीख कधी?"

"दुसरा शनिवार."

"येतो."

आणि खरंच आले. त्यानंतरच्या महिन्यात आपल्या मुलीला घेऊन आले. ती सात वर्षांची पोर वादीच्या बाजूनं कन्नडमध्ये इतकं कडाडून भांडली, की मला उलटतपासणी सोडून द्यावी लागली. तिनं आणि मी मग एकाच ताटातले चुरमुरे खाल्ले. वर्षातून दोनदा दुपारपुरता येणारा माणूस आता दर महिन्याला दोन दिवस राहायला लागला, येताना डॉक्टरकडची वेळ ठरवून यायला लागला. न्हाणीघरात धरायला दांडा बसला. बंगळूरचं नाव निघायचं, पण दाव्याचा निकाल लागल्याशिवाय जाणार कसं? आणि निकाल तर लागत नव्हता.

माझी परीक्षा संपली. निघायच्या दिवशी मी खोलीची किल्ली काकांच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला. त्यांनी किल्ली खिशात टाकली, "आयतु, झालं," म्हणाले आणि आत निघून गेले. एवढंच. वर्षभर तीन तीन हाका मारणारा माणूस, आणि निरोपाला एक धड शब्द नाही. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. वादीच्या डोक्यावरून हात फिरवला, प्रतिवादीच्या तोंडातून माझी पिशवी सोडवली आणि रिक्षात सामान ठेवायला लागले.

"अनघा श्रीपाद जोगळेकरऽ!"

शेजारचे हातोडे थांबले. मी वळून बघितलं. काका ओट्यावर उभे होते. बंद गळ्याचा कोट घातलेला, शेजारी खुर्ची, खुर्चीवर टॉवेल. माझं पूर्ण नाव त्यांना ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"हजर," मी म्हटलं.

"अनघा श्रीपाद जोगळेकरऽ!"

वर्षभर मी त्यांना एक हाक पुरे म्हणून सांगत आले होते. आता तिसरीची वाट बघत उभी राहिले. तिसरी हाक त्यांनी लांबवली, फार लांबवली, आणि ती मध्येच कुठेतरी फाटली. मग ते खुर्चीकडे वाकले. वादी आणि प्रतिवादी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून होते.

"साहेब म्हणतात, प्रतिवादीच्या वकिलांना पुढची तारीख दसऱ्याची. गैरहजर राहिलेलं चालणार नाही."

रिक्षावाला माझ्याकडे बघत होता. मी मान्य आहे म्हणून हात वर करून दाखवला.

दसऱ्याला म्हैसूरची गाडी मिळणं किती अवघड असतं, हे तिथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. नाशिकला पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी मी तिकीट काढलं.